इंजिन कोणी उघडावे?

बँकेत चौतीस वर्षे काढून २०१८ साली मी निवृत्त झालो. एवढ्या काळात कर्जप्रकरणांच्या किती फायली उघडल्या याची गणती नाही. परंतु ज्या मोटारसायकलवरून रोज बँकेत गेलो, तिच्या इंजिनाचा एक नटदेखील मी स्वतःच्या हाताने कधी सैल केला नव्हता. आमचे घराणे सांगलीच्या हळदपेठेतले. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, शिरस्ता असा की ज्याचे काम त्याने करावे आणि आपण त्याचे दाम वेळच्या वेळी चुकते करावेत. आपल्या समाजातील व्यापारी घरांना हा शिरस्ता नवा नाही. रोजमेळ लिहायला घरातला शाळकरी मुलगाही बसतो. पाना मात्र कोणी हाती धरत नाही. मीही धरला नसता. ती वेळ ऑगस्ट २०१९ च्या महापुराने आणली.

गाडी हिरो होंडा सीडी १००. १९९१ साली बँकेच्या कर्मचारी वाहनकर्जातून घेतलेली. ९७.२ सीसीचे, चार स्ट्रोकचे, आडवे बसवलेले एकच सिलिंडर. अण्णांच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांना याच गाडीवर मागे बसवून मिरजेच्या दवाखान्यात नेत असे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जो निर्णय घेतला तो मी निव्वळ हिशेबाने घेतला असा कोणाचा समज होऊ नये.

आमचे घर गावभागात. २००५ च्या पुराचे पाणी जिथवर चढले होते, तिथे भिंतीवर खूण करून ठेवलेली होती. २०१९ ला पाणी वाढू लागले तेव्हा मी गाडी फळ्यांवर चढवून त्या खुणेच्या वर राहील अशा बेताने जोत्यावर उभी केली, दाराला कुलूप लावले आणि आम्ही उभयता विश्रामबागेत मेहुण्यांकडे गेलो. पण या खेपेस कृष्णेने २००५ ची खूण जुमानली नाही. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आठवड्याभराने परतलो तेव्हा गाडी फळ्यांवरून घसरून भिंतीला टेकलेली होती आणि हँडलपर्यंत चिखलाने लिंपलेली होती.

घरातला गाळ काढण्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींकडे गेलो. गेली पंचवीस वर्षे माझी गाडी त्यांच्याखेरीज कोणी हाताळलेली नव्हती. त्यांचे गॅरेजही पाण्यात बुडाले होते. पाने आणि पुलर रॉकेलच्या घमेल्यात भिजत पडले होते आणि बाहेर रस्त्याच्या कडेला चिठ्ठ्या बांधलेल्या गाड्यांची रांग लागलेली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारण्याआधीच उत्तर दिले, "साहेब, महिनाभर तरी नंबर लागायचा नाही. पण एक ऐका. किक मारू नका. आजच्या आज तेल सोडा."

किक का मारायची नाही, याचे कारण त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. पिस्टनच्या डोक्यावर पाणी साचलेले असेल तर ते हवेसारखे दाबले जात नाही. मग जोर येतो तो कनेक्टिंग रॉडवर, आणि तो वाकतो. पुरानंतर अनेकांची इंजिने पुरात नव्हे, पुरानंतरच्या पहिल्या किकेत गेली, असे ते म्हणाले. तेल सोडायचे कारण त्याहून साधे. इंजिनाच्या तळाशी पाणी जितके दिवस राहील तितका क्रँकच्या बेअरिंगवर गंज चढत जाईल. थकलेल्या कर्जावर रविवारीही व्याज चढते, तसेच हे. म्हणजे महिनाभर रांगेत थांबणे हा "काही न करण्याचा" पर्याय नव्हता. थांबणे हाच नुकसानीचा निर्णय होता.

पुण्याहून मुलाचा फोन आला. "बाबा, गाडीला अठ्ठावीस वर्षे झाली. भंगारात द्या, आपण नवी घेऊ." त्याचे म्हणणे हिशेबाला धरून होते. विमा केवळ तृतीयपक्षाचा, त्यामुळे गाडीच्या नुकसानीचा एक रुपयाही मिळणार नव्हता. मी त्याला होय म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. कर्जदार ताटकळत ठेवतात तसे ताटकळत ठेवले.

त्याच संध्याकाळी शेजाऱ्याकडून सतरा नंबरचा पाना आणि प्लगपाना आणला. प्लग काढला आणि इंजिनाखालचा बोल्ट सोडला. आधी निव्वळ पाणी आले. ते तेलाहून जड, म्हणून तळाशी बसलेले. त्यामागून आले ते तेल तेलासारखे नव्हतेच. दुधाच्या चहाच्या रंगाचे, दाट. ते पाहताना मला जे वाटले ते इथे लिहिण्यासारखे नाही. डिझेल ओतून, गाडी थोडी डावी-उजवी हलवून, पुन्हा सोडले. तीन वेळा असे केल्यावर डिझेल जवळपास स्वच्छ येऊ लागले. प्लगच्या भोकातून थोडे तेल आत सोडले. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने फिरवायचे, म्हणजे त्याबरोबर पिस्टन हलतो. चाक तसूभरही हलेना. गंजाने पिस्टन सिलिंडरला धरून ठेवला होता.

दोन दिवस तेल मुरू दिले. तिसऱ्या दिवशी चाक मागेपुढे झोकत असता एकदम सैल झाले. बॅटरीचा उजेड पाडून आत पाहिले, तर सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचा तांबूस पट्टा. इथवरचे काम कोणीही करावे, किंबहुना प्रत्येकाला करता आले पाहिजे, असे माझे मत आहे. त्यात बिघडवण्यासारखे काही नव्हते. खरा प्रश्न यापुढे होता. सिलिंडर उतरवल्यावाचून इलाज नव्हता. याला मिस्त्री लोक "हाफ इंजिन" म्हणतात: हेड, ब्लॉक, पिस्टन, रिंगा, व्हॉल्व. त्याखालचे क्रँक, बेअरिंग आणि गिअर उघडायचे म्हणजे "फुल इंजिन."

बँकेत प्रत्येक अधिकाऱ्याला मंजुरीच्या अधिकाराची मर्यादा असते. अमुक रकमेपर्यंत मी सही करू शकतो. त्यापुढे फाईल वर पाठवायची. ही मर्यादा अधिकाऱ्याच्या हुशारीवर ठरत नाही. त्याची चूक झाली तर बँकेला ती किती काळाने कळेल आणि किती महाग पडेल, यावर ती ठरते. मी वहीत माझ्या इंजिनाची तशीच फाईल केली. हाफ इंजिनात चूक झाली तर ती बहुधा घरीच, गाडी जागेवर उभी असताना, आवाजावरून, धुरावरून किंवा तेलगळतीवरून कळेल. ती दुरुस्त करता येईल. फार तर एक पॅकिंग सेट वाया जाईल. ब्लॉक बोअर करणे माझ्या हातचे नाही, त्याला यंत्र लागते. क्रँकची बेअरिंग प्रेसवर काढावी आणि बसवावी लागतात. हातोडीने बसवलेली क्रँक सरळ राहिली की नाही, हे मला पाहूनही समजणार नाही. ते मिस्त्रींकडेच.

आणि ब्रेक? वाचकांना आश्चर्य वाटेल, कारण ब्रेकचे लायनर बदलणे इंजिनाच्या मानाने पोरखेळ आहे. चाक काढले की अर्ध्या तासाचे काम. परंतु ती चूक घरी कळत नाही, रस्त्यावर कळते, आणि तेव्हा मागे आमच्या सौभाग्यवती बसलेल्या असतात. म्हणून सर्वांत सोपे काम मी मिस्त्रींच्या खात्यात लिहिले आणि अवघडापैकी एक माझ्या. सौ. नी वही वाचून एकच शेरा मारला: "उघडाल खरे, पण मिटता येईल ना?"

वर्कशॉप मॅन्युअलची छायाप्रत एका स्नेह्यांनी दिली. ती मी दोनदा संपूर्ण वाचली. एम.कॉम.च्या परीक्षेला बसलो तेव्हाही कोणते पुस्तक इतके मन लावून वाचले नसेल. फिलर गेज, टॉर्क पाना आणि व्हॉल्वची स्प्रिंग दाबण्याचे साधन विकत घेतले. जुन्या चहाच्या कपांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि जो नट जिथून निघेल तो त्या कपात ठेवला. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो. हे सारे बँकेतल्या सवयीने झाले. हातात कसब नसले की नोंद तरी पक्की ठेवावी लागते.

हेडच्या डाव्या बाजूची गोल झाकणी काढली. मॅग्नेटवरची "टी" खूण समोर आणली, म्हणजे पिस्टन अगदी वरच्या टोकाला येतो. टायमिंग चेनचे चाक सोडवताना चेन आत पडू नये म्हणून ती तारेने बांधली. चार नट तिरपे-तिरपे, थोडे-थोडे सैल केले. हेड निघाले, ब्लॉक निघाला. आता समोर क्रँककेसचे उघडे तोंड होते, आणि मॅन्युअलमध्ये ठळक अक्षरांत सूचना होती की त्या तोंडात स्वच्छ फडके कोंबल्याशिवाय पिनचे लॉक काढू नये. मी कोंबले. पहिले लॉक चिमट्यातून उडाले आणि नेमके त्या फडक्यावर पडले. फडके नसते तर तारेचे ते चिमुकले कडे क्रँकमध्ये गेले असते आणि माझी हाफ इंजिनाची मंजुरी तिथेच फुल इंजिनाची झाली असती.

ब्लॉक घेऊन कोल्हापूरला गेलो. रस्ता नुकताच सुरू झाला होता. एस.टी.त शेजारच्या गृहस्थांनी पिशवी उचलून पाहिली आणि "काय, प्रसादाचा नारळ का?" असे विचारले. उद्यमनगरात एका छोट्या शेडमध्ये बोअर करणारे कारागीर भेटले. मी ब्लॉक पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, आत बोट फिरवले आणि परत दिला. "आधी पिस्टन आणा. पिस्टन मोजून बोअर करतो, बोअर मोजून पिस्टन नाही." मूळ बोअर ५० मिलिमीटरचे. पहिल्या पाव मिलिमीटरच्या ओव्हरसाइजमध्ये गंजाचे खड्डे निघतील अशी माझी आशा होती. त्यांनी मोजून सांगितले की निघणार नाहीत. अर्धा मिलिमीटर काढावे लागेल. मी दुकानातून अर्ध्याचा पिस्टन संच आणला. दोन तासांनी ब्लॉक हातात आला तेव्हा आत होनिंगच्या बारीक तिरप्या रेघा चकाकत होत्या. त्या रेघा शोभेच्या नसतात. त्यांत तेल टिकते. त्यांनी मजुरी सांगितली, ती मी घासाघीस न करता दिली. हे माझ्या बाबतीत सहसा घडत नाही.

जोडणीला मी पूर्ण दिवस घेतला. रिंगा एकेक करून ब्लॉकमध्ये सरकवून त्यांच्या टोकांमधली फट फिलरने मोजली. खुणेची बाजू वर ठेवून चढवल्या. तोंडे एका रेषेत येणार नाहीत अशी फिरवली. पिस्टनवरची खूण इनटेककडे. व्हॉल्व पेस्टने घासून बसवले होतेच. ब्लॉक, हेड, चेन, चाक. नट टॉर्क पान्याने आवळले. संध्याकाळचे सात वाजले. आता प्लग न लावता इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचे, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांत व्हॉल्वचे चक्र एकदा पुरे होते. मॅग्नेटच्या नटाला पाना लावून सावकाश फिरवू लागलो. एका फेऱ्याच्या आतच पाना अडला.

मला आजही तो क्षण स्पष्ट आठवतो. अडल्याचा आवाज झाला नव्हता. नुसते हाताला कळले होते. नवा पिस्टन आहे, नव्या रिंगा आहेत, थोडे जड जाणारच, असे मनाने लगेच समर्थन तयार केले. थोडा जोर दिला की सुटेल. पूर्ण दिवस खपल्यावर आणि सौ. दारात उभ्या असताना हे समर्थन फार गोड वाटते. शाखेत असताना अशीच समर्थने मी कर्जदारांच्या तोंडून ऐकली होती, आणि एकदा, लाज वाटते पण लिहितो, माझ्याच मंजूर केलेल्या एका प्रकरणात स्वतःला देऊन बँकेचे पैसे बुडवले होते. पान्यावरचा हात मी काढला, पण तो काढायला मिनिटभर लागले.

मिस्त्रींना फोन केला. त्यांनी विचारले, "प्लग लावलाय का?" नाही म्हटले. "मग दाब कसला? लोखंडाला लोखंड लागतंय. हात काढा साहेब. सकाळी येतो."

सकाळी ते आले. त्या दिवसांत त्यांच्या दारात अजून तीसेक गाड्या उभ्या होत्या, तरी आले. हेडवरची झाकणी काढून त्यांनी "टी" खूण जुळवली आणि चेनच्या चाकावरची खूण मला दाखवली. ती दोन दाते पुढे होती. चाकाचे बोल्ट आवळताना मॅग्नेट किंचित सरकला असणार, आणि मी आवळल्यावर खूण पुन्हा पाहिली नव्हती. त्यामुळे व्हॉल्व अवेळी उघडून पिस्टनला टेकत होता. मी जोर दिला असता तर व्हॉल्व वाकला असता. किक मारली असती तर नक्कीच. त्यांनी स्वतः दुरुस्त केले नाही. मला करायला लावले आणि स्वतः उकिडवे बसून पाहत राहिले. दोन फेरे मोकळे फिरले. टॅपेट लावले, प्लग लावला, तेल भरले. कार्ब्युरेटर आणि टाकी आधीच साफ करून ठेवली होती. चौथ्या किकेला इंजिन सुरू झाले. सुरुवातीला सायलेन्सरमधून पांढरी वाफ आणि चिखलाचे शिंतोडे उडाले, मग आवाज बसला.

मिस्त्रींनी लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक क्रँककेसवर आणि मूठ कानाला लावून बराच वेळ ऐकले. "बेअरिंग सध्या बरं आहे," ते म्हणाले. "पण पाणी प्यालंय. वर्षभरात बोलेल." मी त्यांना पाचशे रुपये तपासणीची फी म्हणून देऊ केले. ते हसू लागले. पंचवीस वर्षांत आम्ही मजुरीवरून कितीदा तरी हुज्जत घातली होती. शंभर-पन्नाससाठी मी त्यांना अर्धा अर्धा तास उभे केले होते. त्या दिवशी मी पैसे देत होतो आणि ते घेत नव्हते. शेवटी ब्रेकच्या कामाच्या बिलात ते पैसे मी वळते करून घ्यायला लावले.

आता हिशेब, कारण तो सांगितल्यावाचून वाचक मला सोडणार नाहीत. सुटे भाग, पॅकिंग, बोअर आणि तेल मिळून सुमारे तीन हजार. हे कोणाकडूनही करून घेतले असते तरी लागलेच असते. मिस्त्रींची मजुरी दीड हजाराच्या आसपास झाली असती, ती वाचली. परंतु अवजारांवर चौतीसशे रुपये गेले आणि कोल्हापूरची फेरी वेगळी. म्हणजे पैसे वाचवण्यासाठी कोणी हे करू पाहत असेल, तर पहिल्या इंजिनाला ते वाचत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्याला वाचतील, पण घरात दुसरे-तिसरे इंजिन आहे कुठे? माझ्या खात्यात जमेला पडला तो वेळ. महिनाभर इंजिन पाण्यासकट उभे राहिले नाही.

मिस्त्रींचा अंदाज खरा ठरला. २०२० च्या फेब्रुवारीत डाव्या बाजूने घरघर ऐकू येऊ लागली. मी ती फाईल न उघडता वर पाठवली. त्यांनी फुल इंजिन खोलले. मी शेजारी स्टुलावर बसून नटांचे कप सांभाळले. दशलक्षण पर्वात मंदिरात भेटलेल्या एका स्नेह्यांनी मला विचारले होते, आता तुम्हीच का उघडत नाही? मी म्हणालो, प्रेस नाही, आणि चूक झाली तर मला कळणार नाही. त्यांना वाटले मी विनयाने बोलतो आहे.

२०२१ च्या जुलैत कृष्णा पुन्हा वाढू लागली, तेव्हा २००५ किंवा २०१९ च्या कोणत्याच खुणेचा विचार न करता, रस्ता कोरडा असतानाच मी गाडी चालवत विश्रामबागेत नेऊन ठेवली. त्याच वर्षी नोंदणीचे नूतनीकरण होते. तपासणी अधिकाऱ्यांनी इंजिन सुरू करायला सांगितले, धूर पाहिला, क्रमांक पाहिला आणि पाच वर्षे दिली.

अलीकडे समोरच्या घरातला महाविद्यालयीन मुलगा त्याची नवी मोटारसायकल घेऊन आला. "काका, पिकअप कमी झालाय. इंजिन उघडून बघू या का? तुम्हाला येतं ना?" गाडी बीएस-६ ची, कार्ब्युरेटर नाही, इंधन इंजेक्शनने जाते, बरोबर संगणक आणि सेन्सर, आणि वॉरंटीची मुदत अजून शिल्लक. हे माझ्या मर्यादेबाहेरचे, असे मी त्याला सांगितले. तो थोडा हिरमुसला. मग मी विचारले, एअर फिल्टर शेवटचा कधी पाहिलास? त्याने तो कधीच पाहिलेला नव्हता. मी आतून पेचकस आणला आणि त्याच्या हातात दिला.